कडू कवठ आणि न भरणारी जखम : प्रकल्प नोंदी

१० जानेवारी

लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांच्याविषयीच्या माहितीची गावाने ठेवलेली वही. तिच्यातल्या औषधी वनस्पतींच्या तक्त्यापासून सुरुवात. रकाने ठरलेले: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, वापरायचा भाग, उपयोग. कडू कवठापुढे आधी कुणीतरी लिहून ठेवलंय, ‘बिया. तेल. त्वचारोग, जखमा.’ झालं, संपलं झाड.

हा तक्ता मला खटकतो. हळदीपुढेही ‘जखमा’, दगडीपाल्यापुढेही ‘जखमा’, उंडीपुढेही ‘जखमा’. बोटाला विळा लागला तीही जखम आणि टाचेला महिनोन्‌महिने न भरणारं भोक पडलं तीही जखमच. दुसऱ्या प्रकाराला आयुर्वेदात दुष्टव्रण म्हणतात. इकडे लोक सरळ ‘चिघळलेला पाय’ म्हणतात. आमचा प्रश्न तेवढाच ठेवला आहे: चिघळलेल्या पायावर कडू कवठाचं तेल कसं वापरायचे? कोण लावायचं, आधी काय करायचं, कधी थांबायचं?

गाव सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातलं. नाव या नोंदींत येणार नाही आणि झाडांची नेमकी जागाही नाही. माणसांची नावं तर नाहीतच. आजार म्हणजे कुष्ठरोग, तो असा आहे की ज्या घरात तेल होतं त्या घराकडे लोक अजूनही वेगळ्या नजरेने बघतात.

१८ जानेवारी

देवराईतून व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेकडेने फिरलो. विद्यार्थ्यांना आधी कवठ आणि कडू कवठ यांतला फरक दाखवला, कारण नावामुळे निम्मे लोक चकतात. चटणीचं कवठ म्हणजे लिंबाच्या कुळातलं, काटेरी, संयुक्त पानांचं झाड. कडू कवठाचं त्याच्याशी काही नातं नाही. त्याची पानं साधी, लांबट, टोकाला निमुळती, एकाआड एक. फळ मात्र तसंच गोल, कठीण कवचाचं, फक्त वरून तपकिरी मखमली लव असलेलं. शास्त्रीय नाव हिडनोकार्पस पेन्टान्ड्रा. जुन्या पुस्तकांत लॉरिफोलिया किंवा वायटियाना म्हणून सापडतं. पूर्वी हे फ्लॅकोर्शिएसी कुळात होतं, आता अकॅरिएसी कुळात धरतात. पश्चिम घाट सोडून जगात दुसरीकडे कुठे आपसूक उगवत नाही.

नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. फुलं हिरवट पांढरी, बारीक, सहसा लक्षातही न येणारी. एका विद्यार्थ्याने विचारलं, “मॅडम, मग फळ न धरणारी झाडं लोक तोडत असतील ना?” तोडतात. वांझ म्हणून तोडतात आणि मग मादी झाडांनाही फळ धरेना की देवाचा कोप झाला म्हणतात. हा मुद्दा नोंदवहीत जायला हवा.

३ फेब्रुवारी

आजचा दिवस सुश्रुतसंहितेत गेला. चिकित्सास्थानाच्या, म्हणजे उपचारांच्या विभागाच्या, तेराव्या अध्यायात तुवरक येतो. पश्चिम समुद्राच्या काठच्या जमिनीवर वाढणारी, लाटांवरून येणाऱ्या वाऱ्याने जिची पालवी हलते अशी झाडं, असं वर्णन आहे. तुवरक म्हणजे आमचं हेच झाड, यावर बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. एरवी संहितांमधल्या वनस्पतींची ओळख पटवताना डोकं फुटायची वेळ येते. इथे ग्रंथकाराने पत्ताच लिहून ठेवलाय.

पुढची कृती तर कामाच्या वहीतून उतरवल्यासारखी आहे. पावसाच्या तोंडाला पिकलेली फळं गोळा करायची, आतला मगज काढून वाळवायचा, कुटायचा, तिळासारखा घाण्यात पिळायचा किंवा करडईसारखं तेल काढायचं. मग त्यातलं पाणी उडेपर्यंत ते आटवायचं आणि पंधरवडाभर शेणाच्या भुग्यात पुरून ठेवायचं.

दोन गोष्टी लिहून ठेवते. एक, हा अध्याय मधुमेहावरच्या उपचारांचा आहे आणि तुवरक हे कुष्ठ आणि प्रमेह दोन्हींवर श्रेष्ठ म्हटलंय. दुसरी, इथे तेल पोटात द्यायचं आहे. त्याने वर आणि खाली दोन्हीकडून शोधन होतं, म्हणजे रोग्याला उलट्या आणि जुलाब होतात, आणि ग्रंथाला ते अपेक्षितच आहे. बाहेरून जखम हाताळण्याचं शास्त्र त्याच स्थानाच्या पहिल्या अध्यायात, व्रणाच्या साठ उपक्रमांत आहे. धुणं, शोधन (इथे जखम साफ करणं), रोपण (ती भरून आणणं), बंध (पट्टी), सगळं टप्प्याटप्प्याने. ‘सुश्रुताने जखमेवर कडू कवठ सांगितलं’ असं सरसकट वाक्य माहितीपत्रकांत असतं. ते दोन वेगळ्या अध्यायांना एकत्र शिवून केलेलं आहे.

११ फेब्रुवारी

आजची नोंद सगळ्यात लांब होणार.

ज्या घरात हे तेल व्हायचं त्या घरातल्या आजींशी बोलणं झालं. सोबत गावातल्या आशाताई, म्हणजे आशा स्वयंसेविका, होत्या, त्यांच्याशिवाय दार उघडलं नसतं. आजींनी लग्न होऊन आल्यावर सासूच्या हाताखाली हे काम शिकलं. गावात त्यांना कुणी वैद्य म्हणत नाही. “आमी खयचे वैद्य? पाय धुणारी माणसां आमी,” असं त्याच म्हणाल्या.

मी वहीत ‘तेल’ लिहून वाट बघत होते आणि आजी तेलाकडे येईचनात. आधी बराच वेळ पाण्यावर बोलल्या. खैराची साल पाण्यात उकळून, गाळून, कोमट करून त्याने पाय धुवायचा. पाणी अंगावर घ्यायच्या पाण्यापेक्षा थंड हवं, कारण रोग्याला चटका कळत नाही. हे त्यांनी तीनदा सांगितलं. धुणाऱ्याने आधी आपलं कोपर त्यात बुडवून बघायचं, रोग्याला ‘गरम आहे का’ विचारायचं नाही. “तेका काय समाजता? तेचो पाय मेलेलो.”

मग बघणं. तळव्याची उजेडात तपासणी करायची, बोटांच्या बेचक्या उघडून बघायच्या, काटा, खडा, काच रुतलीय का ते शोधायचं. जखमेभोवतीची घट्ट झालेली पांढरी कातडी पाण्यात भिजवून नरम करायची आणि घासून पातळ करायची. ती तशीच राहिली तर जखम आतून मोठी होते आणि वरून बारीक दिसते.

यानंतर तेल. ते बशीत घेऊन किंचित ऊब द्यायची. त्यात थोडं मेण विरघळवलं तर ते ओघळत नाही. खोल खड्ड्यात तेल ओतायचं नाही. कडांना, भोवतालच्या सुक्या भेगाळ कातडीला आणि तळाशी लाल मांस दिसू लागलं असेल तर त्यावर अगदी पातळ. वर उकळून उन्हात सुकवलेली जुन्या सुती लुगड्याची पट्टी. तेलाच्या वासाला माशा येत नाहीत, हा त्याचा मोठा गुण असं त्यांचं म्हणणं.

आणि मग जे त्यांना सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं ते: “पाय टेकलो काय तेल फुकट.” रोग्याला पडवीत बाजेवर बसवायचं, पायाखाली उशी. शेतात नाही, विहिरीवर नाही, देवळातसुद्धा नाही. जेवण-पाणी हातात. सासूबाई पाय टेकवणाऱ्याला तेलच द्यायच्या नाहीत. परत पाठवायच्या. त्या घराचं नाव झालं ते तेलाने झालं की या हट्टाने, हा प्रश्न मी घेऊन आले आहे.

कधी थांबायचं, तेही ठरलेलं होतं. कड काळी पडली, सडका वास आला, जांघेत गाठ आली किंवा ताप भरला तर तेल बंद आणि गाडीत घालून दवाखाना. मुलांना आणि गरोदर बाईला हे तेल नाही. पोटात तर कुणालाच नाही. सुश्रुताचं पोटात देणं यांच्या परंपरेत मुळात उतरलेलंच नाही, किंवा कधीतरी कुणीतरी जाणूनबुजून सोडून दिलं. फळं कुटून व्हाळाच्या डोहात टाकली की मासे गुंगतात हे इथे सगळ्यांना माहीत आहे. सोडण्याचं कारण तेही असू शकेल.

१२ फेब्रुवारी

कालचं सगळं विद्यार्थ्यांनी उतरवलं. एकाने तक्ता भरून आणला: ‘बिया, तेल, चिघळलेली जखम, बाह्य वापर.’ तक्त्याच्या हिशेबाने बिनचूक. पण खैर कुठे गेला, कोपर कुठे गेलं, बाज कुठे गेली? तक्ता बाजूला ठेवला. ही नोंद कृती म्हणून लिहायची, झाड म्हणून नाही.

२ मार्च

गुराख्यांशी बोलणं. जू घासून बैलाचा खांदा आला की पूर्वी हेच तेल, त्यात चुन्याची निवळी घोटून पांढरं मलम करायचे. अळ्या पडल्या तर सीताफळाचा पाला वाटून, पण तो गुरांनाच. इथेही तेच: मलम लावून लगेच जू ठेवायचं नाही. मात्र बैल आठवडाभर मोकळा ठेवणं हंगामात परवडत नसे, त्यामुळे खांदे पुन्हा पुन्हा यायचे. गुराखी हे हसत सांगतात. आजी हसत नव्हत्या.

ट्रॅक्टर आल्यावर हा वापर संपला. एकाने उंडीच्या तेलालाच कडू कवठाचं तेल म्हणून दाखवलं. उंडेल हिरवट आणि राळेच्या वासाचं, हे फिकट पिवळं. दोन्ही जखमेवर लावतात म्हणून घोळ होतो.

१५ मार्च

जुने संदर्भ. सतराव्या शतकात मलबारचा डच गव्हर्नर व्हान र्‍हेडे याने वनस्पतींवरचा जो बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ करवून घेतला (१६७८ ते १६९३, अॅमस्टरडॅम), त्याच्या पहिल्याच खंडात हे झाड ‘मरोट्टी’ या मल्याळी नावाने आहे. त्यानंतर मुंबईत काम केलेल्या विल्यम डिमॉकने वॉर्डन आणि हूपर यांच्यासोबत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जी देशी औषधांची मोठी सूची केली, तीत पश्चिम किनाऱ्यावर या बिया घरगुती औषध म्हणून चिवट त्वचारोगांवर आणि जखमा-व्रणांवर बांधायला वापरतात, असं स्पष्ट आहे. चुन्याच्या निवळीबरोबर तेल घोटण्याचा उल्लेखही त्यात आहे. गुराख्यांचं मलम म्हणजे निदान सव्वाशे-दीडशे वर्षांचं.

त्याच शतकात हे तेल कुष्ठरोगावरचं औषध म्हणून दुसऱ्याच वाटेने जगभर गेलं. बंगालमध्ये फ्रेडरिक मौआटने १८५४ मध्ये चौलमुग्रा तेलाची पाश्चात्त्य वैद्यकाला ओळख करून दिली. ते आसाम-ब्रह्मदेशाकडच्या भाईबंद झाडाचं. गंमत म्हणजे ते नेमकं कोणत्या झाडाचं हेच पुढची चार-पाच दशकं चुकीचं छापलं जात होतं. १९०४ च्या सुमारास फ्रेडरिक पॉवरने त्यातलं चौलमुग्रिक आम्ल वेगळं काढलं. पोटात घेतलं की मळमळ आणि टोचलं की गळू, म्हणून ते कुणाला सोसत नसे. १९१५-१६ मध्ये हवाईत अॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञेने त्याची टोचता येण्याजोगी एस्टरं केली आणि १९१६ मध्ये चोविसाव्या वर्षी ती गेली. श्रेय बराच काळ दुसऱ्याच्या नावावर राहिलं. भारतातही सल्फोन गटातली औषधं येईपर्यंत कुष्ठ दवाखान्यांत हेच टोचत. १९४१ मध्ये अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात प्रोमिन हे सल्फोन वापरायला सुरुवात झाली, मागोमाग डॅप्सोन आलं, आणि तेलाची सद्दी संपली.

हा इतिहास भारी असला तरी तो जंतूवरच्या औषधाचा आहे, जखमेवरच्या नाही. आजींच्या कामाशी त्याचा संबंध थोडाच, म्हणून इथेच थांबते.

५ एप्रिल

प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांना आजींची कृती वाचून दाखवली. मनात धाकधूक होती की ‘गावठी उपाय’ म्हणून उडवून लावतील. त्यांनी ऐकताना दोनदा थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं: घट्ट कातडी भिजवून पातळ करणं, आणि पाय न टेकवणं.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कुष्ठरोगातला तळव्याचा व्रण हा जंतू मांस खातो म्हणून होत नाही. चेतातंतू गेलेले असतात, दुखत नाही, म्हणून माणूस त्याच जागेवर दाब देत चालत राहतो, आतलं मांस चेंगरतं आणि फुटतं. आधी समज असा होता की हा रोग मांसच नासवतो, ते भरायचंच नाही. १९४६ पासून वेल्लोरला काम केलेल्या पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने दाखवून दिलं की बधिर पायाचं मांसही इतरांसारखंच भरून येतं, फक्त त्याला दाबापासून सोडवावं लागतं. त्यासाठी प्लास्टरचा साचा, मग मऊ रबराची एमसीआर चप्पल. मधुमेहातला बधिर पाय याच न्यायाने फुटतो आणि याच न्यायाने भरतो.

कुष्ठरोग्यांना आज जी स्वतःची काळजी घ्यायला शिकवतात ती अशी: रोज पाय साध्या पाण्यात वीस-तीस मिनिटं भिजवा, घट्टे घासून काढा, ओलेपणा असतानाच तेल लावा, तळवे रोज उजेडात बघा. चेतातंतू गेले की घाम थांबतो, कातडी सुकते, भेगा पडतात, भेगेतून जंतू जातो. म्हणून तेल लावायचं ते जखमेच्या खड्ड्यात नव्हे, भोवतालच्या धड कातडीला. मी वही उलटी फिरवून त्यांना आजींचं वाक्य दाखवलं: कडांना आणि सुक्या कातडीला.

“पण मॅडम,” ते म्हणाले, “त्याला खोबरेलही चालतं. व्हॅसलीनही.”

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. परंपरेत काय काम करत होतं हे त्यामुळे जास्त स्पष्ट झालं. चौलमुग्रिक आणि हिडनोकार्पिक आम्लं प्रयोगशाळेत कुष्ठजंतूच्या जातभाईंची वाढ रोखतात, हे खरं. पण कडेच्या कातडीवर चोळलेल्या तेलाने रोग बरा झाला, असं कुणी म्हणू नये. रोग बरा करायला बहुविध औषधोपचार आहे, सरकारी केंद्रात मोफत, सहा किंवा बारा महिन्यांचा. आजींच्या सासूबाईंच्या तरुणपणी तो नव्हता. तेव्हा त्यांच्या हातात पाणी, नजर, बाज आणि हे तेल एवढंच होतं, आणि त्यातल्या पहिल्या तिघांचं त्यांनी सोनं केलं.

अधिकाऱ्यांना एक आक्षेप होता, तोही लिहिते. खैराच्या काढ्याने धुणं ते सुचवणार नाहीत, उकळून गार केलेलं स्वच्छ पाणी पुरे म्हणतात. माझ्या मते यात वाद नाही. उकळण्याचं काम काढ्यामुळे आपोआप होत होतं.

२३ एप्रिल

देवराईतलं एक झाड जवळजवळ निष्पर्ण. वनखात्याला कळवा म्हणून मुलांचा फोन. काही कळवायचं नाही. तमिळ येओमन या फुलपाखराच्या अळ्या आहेत, त्यांचं खाद्यच हे झाड. काही वर्षी इतक्या होतात की झाड बोडकं दिसतं, आणि पुन्हा पालवी फुटते. तमिळनाडूने हेच आपलं राज्य फुलपाखरू ठरवलंय. उपयोगांच्या तक्त्यात या गिऱ्हाइकाचं नाव कुणी लिहीत नाही.

९ मे

आज प्रयोगशाळेत मजा आली.

तेल खरं कडू कवठाचं आहे की नाही हे वास-रंगावरून सांगणं कठीण. थंडीत गोठतं म्हणावं तर खोबरेलही गोठतं. पण एक जुनी, सोपी कसोटी आहे. या तेलातल्या आम्लांच्या टोकाला पाच कार्बनांचं एक कडं असतं आणि त्यामुळे ते ध्रुवित (एकाच पातळीत कंप पावणाऱ्या) प्रकाशाचं प्रतल उजवीकडे भरपूर फिरवतं. विशिष्ट ध्रुवण, म्हणजे या फिरवण्याचं माप, धन ५० अंशांच्या पुढे-मागे. रोजच्या खाद्यतेलांचं शून्याच्या आसपास असतं. रसायनशास्त्र विभागातला सोडियम दिव्याचा पोलारीमीटर (हे फिरणं मोजायचं यंत्र) धूळ झटकून काढला, तेल क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलं.

खोबरेल: काटा जागचा हलत नाही म्हणावं इतपत. शेंगदाणा: तेच. आजींच्या घरातली, तळाशी थोडंच उरलेलं असलेली जुनी बाटली: ठळक उजवीकडे, पुन्हा पुन्हा बघितलं तरी तिथेच. तुवरक तेल म्हणून बाजारातून आणलेली बाटली: जेमतेम. म्हणजे आत कडू कवठ असलंच तर चवीपुरतं, बाकी भरणा दुसऱ्याच तेलाचा. बाटलीवर जे छापलंय ते वाचून मुलं खवळली. कुष्ठरोग बरा करण्याचा दावा छापणं १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार जाहिरातविषयक कायद्यात बसत नाही हे त्यांना सांगितलं. तक्रारीचा मसुदा तेच लिहिताहेत.

१६ जून

मृग लागून गेला, व्हाळाला पाणी आलं, आणि फळं खाली पडायला लागली. ग्रंथात म्हटलेली वेळ अशी डोळ्यांदेखत जुळलेली बघणं हा या प्रकल्पातला माझा खाजगी आनंद.

गोळा करताना नियम ठेवला: झाडावर चढायचं नाही, पडलेली तेवढीच, त्यातलीही बरीचशी तिथेच सोडायची. फळ कोयत्याच्या मुठीने फोडलं की आत गरात रुतलेल्या पंधरा-वीस बिया, एकमेकींना दाबून कोनेदार झालेल्या. गर धुवून काढला. पावसात वाळवायच्या कुठे, हा प्रश्न ग्रंथाने सोडवलेला नाही. आजींनी सोडवला: चुलीवर टांगलेल्या उतवात, धुराला, पण आचेला नाही.

२९ जून

तेल काढलं. घाणा आता गावात नाही, म्हणून दुसरी पद्धत. मगज उखळात कुटून लगदा, लगदा पाण्यात मंद उकळवत ठेवला, वर आलेलं तेल पळीने काढलं, आणि ते वेगळ्या भांड्यात पाणी तडतडायचं थांबेपर्यंत आटवलं. आजी लांब बसून कानाने सांगत होत्या: “अजून हा पाणी.” आवाज बंद झाल्यावर, “आता काढ.” शेणाच्या भुग्यात पुरण्याचं विचारलं तर त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

चोथा कुणी गुरांना घालू नये म्हणून लगेच माडाच्या आळ्यात पुरला. या कुळातल्या वनस्पतींत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. पेंड खत म्हणून ठीक, चारा म्हणून नाही. पळी, भांडी, उखळ सगळं वेगळं ठेवलेलं होतं. आजींच्या घरी हा कडूचा वेगळा संच पूर्वापार आहे, जेवणाच्या भांड्यांत तो कधी मिसळत नाहीत.

१३ जुलै

व्हायचं तेच झालं. तेल काढल्याची बातमी फुटली आणि शेजारच्या वाडीतून एक गृहस्थ बाटली घेऊन आले. साखरेचा आजार, अंगठ्याखाली व्रण, दोन महिने. “मॅडम, थोडंसं द्या, तुमच्याकडे शुद्ध आहे.”

दिलं नाही. आजींनीही दिलं नाही. पायाची कड काळी होती आणि वास येत होता, म्हणजे त्यांच्याच नियमाने ही तेलाची वेळ नव्हती. आशाताईंनी त्यांना त्याच दिवशी रिक्षात घालून केंद्रात नेलं, तिथून पुढे जिल्हा रुग्णालयात. आता पट्टी आणि प्रतिजैविकं सुरू आहेत, आणि पायाला टेकू नका म्हणून ताकीद.

यावरून मुलांत वाद झाला. एकाचं म्हणणं, नोंद लोकांसमोर ठेवली की अशा बाटल्या येतच राहणार, म्हणून कृती नोंदवहीच्या गोपनीय भागात टाकावी. दुसरीचं म्हणणं, ‘बिया, तेल, जखमा’ एवढंच उघड ठेवणं त्याहून घातक, कारण तेवढं वाचूनच माणूस बाटली घेऊन येतो. मला दुसरीचं पटतं. थांबायचं कधी हे ज्या नोंदीत नाही, ती नोंद अर्धी आहे.

४ ऑगस्ट

गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची, म्हणजे ही नोंदवही जिच्याकडे असते तिची, बैठक. मसुदा वाचला. आजी आल्या होत्या, मागच्या बाकावर. समितीने ठरवलं ते असं: झाडांच्या जागा आणि घराचं नाव गोपनीय. तेल काढण्याची कृती समितीकडे, बाहेरच्या कुणाला हवी असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे विचारून. पाय धुण्या-बघण्याचा आणि न टेकवण्याचा भाग पूर्ण उघडा, त्याचं वेगळं पान करून अंगणवाडीत आणि उपकेंद्रात लावायचं. त्या पानावर तेलाचं नाव नाही, ‘घरातलं कोणतंही साधं तेल’ असं आहे.

एका सदस्याला हे रुचलं नाही. आपल्या गावाचं झाड, आणि पानावर त्याचं नावच नाही? आजी म्हणाल्या, “नाव झाडाक होया की पायाक?” त्यावर हशा झाला आणि ठराव मंजूर झाला.

पानाच्या तळाशी आशाताईंनी स्वतःहून एक ओळ घालून घेतली: अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर जखम व्हायची वाट न बघता केंद्रात या.

१८ ऑगस्ट

नोंदवहीतला अंतिम मजकूर टंकून दिला. औषधी वनस्पतींच्या तक्त्यात कडू कवठापुढे उपयोगाच्या रकान्यात आता ‘पाहा: परिशिष्ट, व्रणाची निगा’ एवढंच आहे. परिशिष्टात खैर, तेल आणि थांबायची लक्षणं एका क्रमात आहेत. नर झाडांबद्दलची सूचना वेगळी, ठळक अक्षरांत.

जूनमध्ये ताज्या बिया पिशव्यांत लावल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच उगवल्या. रोपावरून नर-मादी कळत नाही, फुलापर्यंत काही वर्षं थांबावं लागणार. म्हणून एका जागी दोन रोपं लावून उपयोग नाही, व्हाळाच्या प्रत्येक वळणावर सात-आठचा घोळका करायचा असं ठरलं. खड्डे पुढच्या पावसाच्या आधी. तोवर रोपं शाळेच्या मागे सावलीत राहतील, आणि पाणी घालायची पाळी सहावीच्या वर्गाकडे.